निफाडची काळी, इगतपुरीचा मुरूम: गावातलं सांडपाणी बघायला जाताना

नाशिकहून गावांतली सांडपाण्याची कामं बघायला निघणार असाल, तर एकाच तालुक्यात फिरून परतू नका. निफाडकडे काळी जमीन, इगतपुरीकडे मुरूम, कातळ आणि धो धो पाऊस. शोषखड्ड्याचं, म्हणजे खडी भरून सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचं, एकच अंदाजपत्रक दोन्हीकडे लावलेलं दिसतं आणि दोन्हीकडे ते फसतं, फक्त कारणं निराळी.

निफाडच्या काळीत पाणी मुरतच नाही. तिथे खड्डा तुंबला की दोष खडीला देतात. खरं तर आधी जमीन तपासायला हवी होती. शोषखड्ड्याच्या तळाइतकं खोल जाऊन फूटभर लांब-रुंद खळगा करायचा, तळाशी ५ सेंमी वाळू टाकायची, रात्रभर पाणी मुरू द्यायचं. सकाळी १५ सेंमी पाणी भरून घड्याळ लावायचं. २५ मिमी उतरायला ३० मिनिटांहून जास्त लागली तर शोषखड्ड्याचा नाद सोडा.

मग उरतो गटाराच्या शेवटी खडीचा वाफा: खडीत कर्दळ लावायची आणि सांडपाणी त्यातून गाळत पुढे सोडायचं. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के गटारात आलं, तर हजार वस्तीचं सांडपाणी ४४,००० लिटर होतं. वाफा ६० सेंमी खोल, खडीतली पोकळी ४० टक्के आणि पाणी दोन दिवस थांबवायचं, तर जागा लागते पावणेचार गुंठ्यांच्या आसपास. एवढं गायरान गटाराच्या उताराला आहे का, हे आधी बघा. पंप लावावा लागला तर वीजबिलावरून काम बंद पडायला वेळ लागत नाही.

कर्दळ फुललेली दिसली की पाहुणे तिथेच फोटो काढत बसतात. तुम्ही आधी वाफ्याच्या अलीकडे गाळ खाली बसवणाऱ्या गाळटाकीचं झाकण उघडायला लावा. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून खाली तोंड केलेला एल्बो (पाइपचा वळणाचा तुकडा) आहे का? नसेल तर तेलकट साय आणि फेस थेट खडीत जातो. गोठ्याची धुवण गटारात सोडलेली असेल तर शेणाने वाफ्याचा तोंडाकडचा भाग सगळ्यात आधी तुंबतो. म्हणून तोंडाशी मोठे, ५० ते ८० मिमीचे दगड हवेत. बारीक खडी पुढे. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापासून ५–१० सेंमी खालीच हवी. वर पाणी दिसलं की डास आलेच.

इगतपुरीकडे मुद्दाम ऑगस्टमध्ये जा. उन्हाळ्यात झकास चालणारा खड्डा तेव्हा भूजल वर आल्यामुळे खालूनच भरलेला असतो, त्यात पन्हाळीचं पाणीही सोडलेलं सापडतं. गमबूट न्या, कातळावरचं शेवाळ चपलांना दाद देत नाही.

एसटी तालुक्यापर्यंत ठीक, पुढे दुचाकी बरी. गावात सकाळी सातच्या आत पोचा, कारण धुणीभांडी आणि आंघोळीचं पाणी तेव्हाच येतं. दहा लिटरची बादली गटाराच्या शेवटच्या तोंडाशी धरा. हजार वस्तीच्या गावात दिवसाच्या सरासरीने ती २० सेकंदांत भरायला हवी. सकाळी ७–८ सेकंदांत भरली तर नवल नाही. कचरा अडवणारी जाळी आणि गाळटाकी या सकाळच्या लोंढ्याला पुरतात का, ते तिथेच कळतं.

निघण्यापूर्वी ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) भाऊसाहेबांकडे गाळ उपसल्याची शेवटची नोंद मागा. नोंद नसेल तर टाकीत काठी घालून मोजा. गाळ खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला असेल, तर तो पुढे वाफ्यात जायला लागला असं समजा.