विरघळली म्हणजे पोटातच गेली ना?

तोंडात ठेवायच्या औषधाच्या फिल्म, म्हणजे पातळ पट्ट्या, बनवते असं सांगितलं, की सदाशिव पेठेतले औषधांचे घाऊक विक्रेते असोत नाहीतर घरचे काका, पुढचा प्रश्न ठरलेला: "तोंडात विरघळली म्हणजे शेवटी पोटातच गेली ना? मग गोळीत काय वाईट होतं?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून नीट सांगते, कारण शंका अगदी रास्त आहे.

जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या बऱ्याच फिल्ममधलं औषध खरंच लाळेबरोबर पोटात जातं. उलटीवरच्या ऑन्डॅनसेट्रॉनची फिल्म अमेरिकेत 2010 साली मंजूर झाली, ती याच प्रकारातली. ज्याच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही, त्याला तोही मोठा आधार असतो. मी काम करते ती फिल्म मात्र गालाला आतून चिकटवायची. अस्तरातून आत शिरलेलं औषध थेट रक्तात मिसळतं. गिळलेल्या गोळीचं औषध आधी यकृतात जातं आणि काही औषधांचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. छातीत दुखायला लागलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात, त्यामागचं कारणही हेच.

फिल्म बनवायची रीत आंबापोळीसारखी. एचपीएमसी किंवा पुलुलान (वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारे पदार्थ) पाण्यात विरघळवायचं, लवचिकपणासाठी थोडं ग्लिसरीन आणि औषध घालायचं, पातळ पसरून वाळवायचं. पण आंबापोळी कडेला जाड झाली तर चालतं, इथे कापलेल्या प्रत्येक तुकड्यात औषध सारखंच भरलं पाहिजे. त्यात पुण्याचा पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये फिल्म ताटलीवरून सुटता सुटत नाही, आणि सुटलीच तर घडी पडून स्वतःलाच चिकटते.

खरी परीक्षा पुढे: औषध गालातून खरंच आत जातं का? त्यासाठी माणसाच्या गालाऐवजी सकाळीच मटणाच्या दुकानातून बोकडाच्या गालाचं आतलं अस्तर आणायचं, बर्फात ठेवलेल्या द्रावणातून. मागची चरबी कात्रीने अलगद काढायची. जरा जोर लागला की भोक पडतं आणि तुकडा वाया जातो. मग ते काचेच्या दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायचं. वर फिल्म, खाली 37 अंशांवर सतत ढवळलं जाणारं द्रावण. ठरावीक वेळाने खालचा नमुना काढून औषध किती उतरलं ते मोजायचं. फिल्म केव्हाच विरघळलेली असते, औषध मात्र अस्तरातच रेंगाळत असतं. गालाचं अस्तर पेशींच्या 40-50 थरांचं आहे, आणि ते आपलं रक्षण करायलाच बनलेलं आहे.

कॅन्सरच्या तीव्र वेदनांसाठी फेंटॅनिलची गालात चिकटणारी फिल्म अमेरिकेत 2009 साली मंजूर झाली. तिच्यातलंही साधारण निम्मंच औषध गालातून जातं, बाकीचं गिळलं जातं. म्हणजे काकांचं म्हणणं तिथेही निम्मं खरं! तरीही मला ती फिल्म फार मोलाची वाटते, कारण त्या वेदनेत गोळीचा असर होईपर्यंत वाट पाहणं म्हणजे हाल असतात. गिळलं जाणारं औषध कमी करायला आम्ही तोंडाकडच्या बाजूला न विरघळणाऱ्या एथिल सेल्युलोजचा थर देतो. रुग्णानेही फिल्म जिभेने हलवायची नाही, ती असेपर्यंत चहासुद्धा नाही.

यावर हमखास येणारा दुसरा प्रश्न: "मग माझी शुगरची गोळी अशी कधी येणार?" मेटफॉर्मिनची एक गोळी 500 मिलिग्रॅमची. टपालाच्या तिकिटाएवढ्या फिल्ममध्ये काही मिलिग्रॅम, फार तर वीस-तीस मिलिग्रॅम औषध मावतं. त्यामुळे ती गोळी पाण्याबरोबरच घ्या, आणि वेळेवर घ्या.