पोहोचल्याची वेळ

रात्रपाळीत एक छोटा भूकंप आमच्या यंत्रणेतून निसटला. लोकांना धक्का जाणवला, फोन आले, आणि पडद्यावरची यादी मात्र कोरी. सकाळी काम माझ्याकडे आलं: तो अर्धा तास पुन्हा चालवून बघ.

आमची यंत्रणा सीसकॉम्प या भूकंप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यात याची सोय आहे. संग्रहातून सगळ्या भूकंपमापक स्थानकांची मिनीसीड रेकॉर्डं, म्हणजे ठरावीक स्वरूपात बांधलेले मोजमापांचे छोटे तुकडे, काढायची, ती संपण्याच्या वेळेनुसार लावायची आणि एमएसआरटीसिम्युल हा छोटा प्रोग्रॅम वापरून सीडलिंकला, म्हणजे स्थानकांचा डेटा थेट पुढे देणाऱ्या सर्व्हरला, अशी भरवायची, की जणू आत्ताच येताहेत. सुरुवातीच्या वेळेनुसार लावून मी पूर्वी एकदा फसले होते. 512 बाइटचं रेकॉर्ड भरल्यावरच निघतं. जमीन शांत असली की लागोपाठच्या नमुन्यांतला, म्हणजे एकेका मोजमापातला, फरक अगदी थोडा असतो, स्टाइम या फक्त फरक साठवणाऱ्या पद्धतीनं दाबून त्यात कितीतरी सेकंद मावतात. हादरा आला की आकडे फुगतात आणि तेवढंच रेकॉर्ड भराभर भरतं. सुरुवातीवर क्रम लावला तर एखाद्या शांत स्थानकाचं लांबलचक रेकॉर्ड मागच्या सगळ्यांची वाट अडवून बसतं.

वेगळ्या मशीनवर, इशारे पाठवणारा भाग बंद करून, रिप्ले सुरू केला. भूकंप लगेच सापडला. सहा स्थानकांवर पी-लहर, म्हणजे भूकंपाची सगळ्यात आधी पोहोचणारी लहर, स्वच्छ टिपलेली, केंद्र ठीक जागी. तीनदा चालवलं, तिन्ही वेळा तेच. उत्तर बरोबर येत होतं आणि माझी अस्वस्थता वाढत होती, कारण रात्रीची चूक मला घडवताच येत नव्हती.

आमचे वरिष्ठ मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पडदा बघून म्हणाले, "ही फाइल रात्री अशीच होती का?"

नव्हती. मिनीसीड रेकॉर्डच्या शीर्षात पहिल्या नमुन्याची वेळ असते. ते आपल्यापर्यंत कधी पोहोचलं, याची नोंद तिथे नसते. सर्व्हरचा लॉग काढला. दोन स्थानकांचा दुवा धक्क्याच्या आधी तुटला होता. स्थानकावर मोजमापं नोंदवणाऱ्या डेटालॉगरनं सगळं आपल्या मेमरीत जपलं आणि दुवा जुळल्यावर अकरा मिनिटांनी पाठवलं. संग्रहात ते आपापल्या जागी जाऊन बसलं, कुठेही खंड दिसेना.

मग एक स्क्रिप्ट लिहून त्या दोन स्थानकांची रेकॉर्डं अकरा मिनिटं रोखून धरली. रिप्ले पुन्हा लावला. चार स्थानकं बोलली. भूकंप यादीत यायला आम्ही किमान सहांची अट घातलेली. उरलेल्या दोघांच्या पी-लहरी आल्या तोवर वेगवेगळ्या स्थानकांच्या नोंदींची जुळवणी करणाऱ्या भागानं आधीच्या चार टाकून दिल्या होत्या. यादी कोरी राहिली, आणि मला हायसं वाटलं.

आधीच्या नोंदी किती वेळ धरून ठेवायच्या, ती मुदत वाढवून शेवटचा रिप्ले संध्याकाळी केला. अकराव्या मिनिटानंतर यादीत एक ओळ उमटली. आता आमच्याकडे प्रत्येक रेकॉर्डची पोहोचल्याची वेळ वेगळ्या फाइलीत उतरते.