शेवंतीची नोंदवही: टाकीचा आवाज, मुसकं आणि २३ जातींची यादी

फेब्रुवारी अखेर

गॅसच्या टाकीवाल्याचा टेम्पो गल्लीत शिरला, टाकी रस्त्यावर आपटली, शेवंतीनं कान टवकारले आणि भुंकायच्या आधी मान वळवून माझ्याकडं बघितलं. एवढंच. पण ज्यांच्या घरी आवाजानं बिथरणारं कुत्रं आहे, त्यांना या मान वळवण्याची किंमत कळेल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: शेवंती रॉटवायलर मादी, वय चारच्या आसपास, वजन ३८ किलो, नसबंदी झालेली. आधीच्या घरी पत्र्याच्या शेडखाली साखळीला असायची. २०२४ च्या मार्चमध्ये ‘धोकादायक जातीं’ची बातमी आली आणि त्या घराला एकदम तिची भीती वाटायला लागली. तेव्हापासून ती आमच्याकडं, जुळे सोलापुरात.

टाकीचं मूळ शोधायला वेळ लागला. गल्लीतल्या सगळ्यांचं निदान एकच होतं: तिला परका माणूस खपत नाही, रक्तातच राखण आहे. मोबाइल खिडकीत लावून रेकॉर्डिंग केलं, तेव्हा दिसलं की माणूस टेम्पोतून उतरतो तोवर ती नुसती बघत असते. लोखंड डांबराला लागलं की अंग आखडतं, जीभ ओठांवरून फिरते, मग भुंकणं सुरू. पत्र्याखाली काढलेली वर्षं आहेत ती. वर काय काय आदळत असेल देव जाणे. यात रॉटवायलरपणा कुठं आला?

पद्धत नेहमीचीच. आधी तो आवाज फोनवर, अगदी बारीक. आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम उलटा करायचा नाही. चिकनची पिशवी आधी बाहेर आली तर ती पिशवीच धोक्याची घंटा होऊन बसते. मग आवाज वाढवत नेला, मग खरा टेम्पो, पण गल्लीच्या पार टोकाहून. दूध वर यायला लागलं की आच कमी करायची असते, उतू गेल्यावर करून उपयोग नसतो, तसं अंतराचं आहे. ती तुकडा घ्यायची थांबली की समजायचं, आपण जास्त जवळ आलो. मागं फिरायचं, लाजायचं नाही.

मार्च

या महिन्याचं काम मुसक्याचं. बाजारात मिळतं ते नायलॉनचं, तोंड आवळून बंद करणारं. डॉक्टरकडं दोन मिनिटांच्या इंजेक्शनपुरतं ते ठीक. फिरायला मात्र चुकूनही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. तोंड बंद करून सोलापूरच्या उन्हात चालवलं तर उष्माघात ठरलेला. म्हणून जाळीचं, टोपलीसारखं घेतलं. त्यात जबडा पूर्ण उघडतो, पाणी पिता येतं, तुकडा आत सरकवता येतो. माप घेताना नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या थोडं खालपर्यंतची लांबी घ्या आणि थोबाडाचा घेर तोंड उघडं असताना घ्या. बंद तोंडाचं माप दिलं की जाळी बरोबर पण धाप कोंडणारी येते.

सवय लावायला परदेशी व्हिडिओंत सगळे पीनट बटर वापरतात. आपल्याकडं शेंगदाण्याला काय तोटा? भाजून, सालं काढून, पाट्यावर तेल सुटेपर्यंत वाटले, मीठ नाही, काही नाही. ते जाळीच्या आतल्या टोकाला लावायचं आणि जाळी नुसती समोर धरायची. तोंड तिनं आपणहून घालायचं. कुणाला वाटेल की घरात शेंगा चटणी आहेच. ती नको, लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असतात. आता जाळी खुंटीवरून काढली की शेवंती पट्ट्यापेक्षा जास्त खूश होते.

गंमत अशी की, मुसक्याशिवाय फिरवलं तर लोक विचारतात, “बांधून का आणत नाही?” आणि मुसकं घालून नेलं की, “बघा, चावतंय म्हणूनच बांधलंय.” पहिल्या आठवड्यात याचा फार त्रास झाला. आता नाही होत. माझं मत असं की बारक्या पॉमपासून (पॉमेरेनियन) ग्रेट डेनपर्यंत प्रत्येक कुत्र्याला मुसक्याची सवय हवी. पाय मोडला तर डॉक्टरांच्या टेबलावर सर्वांत गरीब कुत्रंही तोंड मारतं, आणि मुसकं शिकवायची ती वेळ नसते.

मार्चच, पण यादीबद्दल

सोसायटीच्या बैठकीत ‘बंदी असलेली जात’ हा विषय पुन्हा आला, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवलं: २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, पाळलेल्यांची नसबंदी करा. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे ‘बंदी आहे’ हे वाक्य आज कुणी छातीठोकपणे म्हणत असेल तर त्याला तारीख विचारा. शिवाय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

ती यादी एकदा वाचाच. तोसा इनू एका ओळीत, जपानी तोसा दुसऱ्या ओळीत. कुत्रा एकच. ‘टेरियर’ असा अख्खा गट घातलाय, ज्यात मांडीवर मावणारी यॉर्कीही येते. कुणी कुत्र्याजवळ बसून ही यादी केली असेल असं वाटत नाही.

बैठकीत एक काका ठामपणे म्हणाले की पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो. कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात असं काही यंत्र नसतं. टेरियर धरलेलं सोडत नाही, हा त्याचा हट्ट आहे. आणि रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचं कुत्रं. गुरं हाकायची आणि मांसाच्या गाड्या ओढायच्या, हे त्याचं काम. राखण आलीच, पण दिवसभर चार माणसांत आणि गुरांत वावरलेलं जनावर आहे ते.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं, त्यातल्या २,१५५ कुत्र्यांचे जनुकीय नकाशे. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकणं, फेकलेलं आणून देणं यात जात थोडी दिसते. कशानं चिडतं, किती पटकन चिडतं, यात ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा एका वहिनींनी विचारलं, “मग पॉम चावणं आणि तुमची शेवंती चावणं सारखंच का?” नाही, अजिबात नाही. प्रश्न एकदम रास्त होता आणि आपल्यासारखे हौशी लोक तो टाळतात. चावण्याची शक्यता जातीवरून कळत नाही, पण चावलं तर काय होईल ते वजन आणि जबडा ठरवतो. म्हणून तर नायलॉनचा जाड पट्टा, हार्नेस, दोन कड्या, मुसकं. म्हणून तर ३८ किलोचं कुत्रं दहा वर्षांच्या पोराच्या हातात फिरायला देऊ नये. आणि निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहेच, ते कुत्र्याला धरत नाही, पाळणाऱ्याला धरतं. मला तो कायदा यादीपेक्षा जास्त शहाणा वाटतो. ब्रिटननं १९९१ पासून जातींवर बंदी घालून बघितली. चावल्यामुळं रुग्णालयात दाखल होणारे कमी तर झाले नाहीतच, आणि २०२३ च्या अखेरीस यादीत एक्सएल बुली या जातीची भर घालावी लागली. इटलीनं तर २००९ मध्ये आपली यादी रद्द करून टाकली आणि मालकावर जबाबदारी टाकली.

बैठकीत मी शेवंतीचं लसीचं कार्ड आणि नसबंदीचा दाखला ठेवला, आणि लिफ्ट रिकामी असेल तरच वापरेन असं लिहून दिलं. विषय पुढच्या बैठकीवर गेला. सोलापुरात विषय पुढच्या बैठकीवर गेला म्हणजे निम्मं काम झालं.

एप्रिल, माळावर

मोहोळकडं एक आप्पा आहेत, त्यांच्याकडं कारवान (आपलं देशी शिकारी कुत्रं) आहे, नाव बाण्या. त्याच्यासोबत शेवंतीला समांतर चालवायचं बरेच दिवस मनात होतं. दोघांच्या मध्ये मोठं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालायचं, समोरासमोर आणायचं नाही, आणि दोघं सैल झाली की अंतर कमी करत जायचं.

बाण्याची बदनामी वेगळीच आहे. बरगड्या दिसणारं, उंच, पिवळे डोळे, शेजारच्या वस्तीवर सांगतात, “शिकारी कुत्रं हाय, लेकराला धरंल.” याच कुळीला मुधोळचे राजे मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजापर्यंत नेलं, ‘मुधोळ हाउंड’ म्हणून २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, लष्करानंही मेरठच्या आपल्या केंद्रात नेऊन शिकवलं. पण वस्तीवर त्याचं काय? आप्पांना विचारलं तर म्हणाले, “ताई, हे सशामागं जातंय. माणसाला तर ओळखसुद्धा देत न्हाई. पाव्हणा आला की उठून लांब जाऊन बसतंय.”

अगदी तसंच आहे. नजरेनं शिकार हेरणारं कुत्रं पळत्या गोष्टीमागं जातं, आणि परक्याशी अलिप्त राहतं. त्यात राग नसतो. धोका आहे तो सशाला आणि काळविटाला. म्हणून आप्पा त्याला नान्नजच्या अभयारण्याच्या बाजूला मोकळा सोडत नाहीत, आणि सोडूही नये. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे अजून काही हौशी कारवानवाल्यांना पटत नाही. पटवून घ्या.

माळावर बसून आप्पांशी लांडग्यांवर बोलणं निघालं. या पट्ट्यात लांडगा आहे, मेंढरं आहेत, आणि वाड्यापाशी कुत्री राखणीला असतात. त्यांना मी २३ च्या यादीतल्या तुर्की कांगलबद्दल सांगितलं. नामिबियात १९९४ पासून शेळ्यामेंढ्यांच्या कळपात कांगल आणि अनातोलियन कुत्री ठेवतात. कळप वाचला की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही. आप्पा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आन् त्येला धोकादायक म्हनत्यात?”

चालण्याचं म्हणाल तर: शेवंती सुरुवातीला ताठ, शेपूट वर, तोंड मिटलेलं. बाण्यानं तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, आणि तेच औषध ठरलं. थोड्या वेळानं तिनं जमीन हुंगायला सुरुवात केली, अंग झटकलं, आणि शेवटी दोघं हाताच्या अंतरावर चालत होती. एकमेकांचा वास घेतला, तीन आकडे मोजून मी तिला बोलावून घेतलं. ती आली. लांब दोरी हातात होती, पण ओढावी लागली नाही.

एप्रिल, गल्ली

समोरच्या अम्मांना शेवंती पहिल्यापासून आवडते. त्यांच्या मते गल्लीत खरं खतरनाक कुत्रं एकच, कोपऱ्यावरचं पांढरं, केसाळ, बारकं. “हे मोठं आहे, गप्प आहे. ते बारकं मला पोटरीला चावलं.” त्यावर सगळे हसले, म्हणे पॉमचं काय मनावर घ्यायचं. मी हसले नाही. दात लागला की साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं धुवायचं, तिखट-हळद काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू. रेबीजला जात बघता येत नाही. अम्मांना घेऊन गेले, सगळे डोस पूर्ण करून घेतले.

मुलांसाठी नियम असा ठरलाय: शेवंती जात असेल तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात लावायचा नाही. ती जवळ आली तर झाड व्हायचं, हात खाली, नजर पायाकडं. मुलं फारच मन लावून झाड होतात. परवा एकजण तिकडून ओरडला, “काय करलालाव बे?” आणि उत्तर आलं, “गप, मी लिंब हाय.” पालकांची मात्र उलट इच्छा असते, “एकदा हात लावू दे ना, भीती जाईल.” नाही. पोराची भीती घालवायला कुत्र्याची सहनशीलता खर्च करायची नसते.

आणखी एक. शेवंती या महिन्यात एकदा गुरगुरली, कान तपासताना. मी थांबले, हात काढला, दुसऱ्या दिवशी निम्म्यावरून पुन्हा सुरुवात केली. गुरगुरण्याबद्दल रागवायचं नाही, हे मी प्रत्येक नोंदीत लिहिणार आहे. रागावून रागावून गुरगुर बंद केली की मग लोक म्हणतात, “काही इशारा न देता चावलं.”

ऊन वाढलंय. फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर तिलाही नाही. दुपारी फरशीवर ओलं पोतं आणि डोक्याचे खेळ: शेंगदाणे चादरीच्या घड्यांत लपवणं वगैरे.

पुढचं

हेल्मेट अजून जमलेलं नाही. हेल्मेट काढलं की ओळखीचा दादा, घातलं की शत्रू. चेहरा दिसत नाही म्हणून असावं. घरातल्यांनी घालून झालं, त्यांचा वास ती ओळखते, त्यामुळं उपयोग नाही. परका माणूस लागेल. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला कुणी हौशी असेल, तर एखाद्या पहाटे या. काम एवढंच: हेल्मेट घालून पंधरा पावलांवर आडवं उभं राहायचं, तिच्याकडं बघायचं नाही, सांगितलं की काढायचं. शेवंतीला मुसकं असेल, दोरी माझ्या हातात असेल, चहा माझ्याकडून.