हरभऱ्याच्या शेतातला समुद्र

आज आमच्याकडे शेतीची वीज रात्रीची होती, म्हणून हरभऱ्याच्या ओलितासाठी शेतात गेलो आणि स्प्रिंकलरचे पाइप बदलण्याच्या मधल्या वेळात शेकोटीजवळ टॉर्च लावून अंटार्क्टिकाचे शोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या सफरीची हकिकत वाचत बसलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या माणसाने आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला, त्याला या हकिकतींचे एवढे वेड का, असे घरचे नेहमी विचारतात.

त्यांचे जहाज बर्फात चिरडून बुडाल्यावर 22 सोबत्यांना अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर ठेवून शॅकल्टन धरून सहा जण मदत आणायला 24 एप्रिल 1916 रोजी साडेबावीस फुटांच्या होडीतून निघाले आणि सुमारे 800 सागरी मैल कापून 10 मे रोजी साउथ जॉर्जिया बेटाला लागले. मला मात्र आकड्यांपेक्षा एक दृश्य सोडत नाही: लाटांचे पाणी होडीवर गोठे, त्याच्या भाराने ती बुडू नये म्हणून ओल्या कपड्यांतली माणसे आळीपाळीने वर सरपटत जाऊन बर्फ फोडत, आणि सूर्य इतका क्वचित दिसे की दिशा सांभाळणाऱ्या कप्तान वॉर्स्ली यांना सेक्स्टंटने, म्हणजे सूर्याची उंची मोजून जागा ठरवण्याच्या उपकरणाने, जेमतेम चारदा वेध घेता आला. तेवढ्यावर बेट सापडले! मागचे 22 जणही ऑगस्टअखेर सुखरूप सुटले.

इथवर आलो आणि नोझल तुंबले. चिखलात उतरून ते साफ करेपर्यंत बोटे बधिर झाली. परत येऊन तेच पान पुन्हा वाचले.