आमची वाटचाल: सायकल रिपेअरीतून लेडीज सीटपर्यंत

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातून आत वळलं की आमचं दुकान. पाटीवर वर ठसठशीत कन्नड, खाली मराठी. 2024 च्या कायद्याप्रमाणे कन्नड साठ टक्के हवं म्हणून पाटी नव्यानं रंगवावी लागली. खर्च होतोच आहे तर म्हटलं, 'सायकल रिपेअरी'च्या पुढे 'लेडीज सीट मापाने मिळेल' हेही घालून घेऊ. रंगारी विचारत राहिला, सीट म्हणजे रिक्षाची ना? अजूनही निम्मी माणसं तेच विचारत आत येतात.

दुकान सासऱ्यांचं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. शहापूर-वडगाव म्हणजे मागांची वस्ती. साड्यांचे गठ्ठे कॅरिअरला आवळून व्यापाऱ्याकडे नेणारे विणकर हेच मामांचं मुख्य गिऱ्हाईक. शिवाय तासाच्या भाड्यानं द्यायच्या सायकली होत्या. पुढे घरोघरी लुना आल्या, मग मोटरसायकली आल्या, आणि भाड्याच्या सायकली भिंतीला टेकून गंजल्या. त्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पंक्चरवर घर चाललं एवढंच.

दुकानाला पुन्हा जीव आला तो सरकारी सायकलींमुळे. 2006-07 पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली द्यायला सुरुवात केली. येळ्ळूर, धामणे, कडोली, कंग्राळी, सगळीकडे पोरी सायकलवर दिसू लागल्या. सायकल सरकारची असली तरी नट आवळायला गावठाणातलाच मेस्त्री लागतो. मी तेव्हा नवी सून, गल्ल्यावर बसून हिशेब बघायची. पोरी आणि त्यांच्या आया आमच्या ह्यांना ब्रेक दाखवायच्या, चेन दाखवायच्या, आणि मग हळूच माझ्याकडे सरकून म्हणायच्या, "वैनी, बसायला होत नाही गे. दुखूलालंय."

हे पुरुष मेस्त्रीला कोण सांगणार? मामांना इतक्या वर्षांत एकाही बाईनं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी ही तक्रारच नव्हती. पोरींनी आपापले इलाज शोधले होते. कुणी सीटवर जुनी ओढणी गुंडाळलेली, कुणी बसच्या फाटक्या सीटमधला स्पंज सुतळीनं बांधलेला, कुणी तर उभ्यानंच पॅडल मारत शाळेला पोचायची. अंगणवाडीच्या बाई, आशा कार्यकर्त्या, उद्यमबागला कारखान्यात जाणाऱ्या बायका यांचंही तेच रडगाणं. मी मात्र ते वहीत लिहून ठेवायला लागले. आमचा धंदा खरं म्हणजे त्या वहीतून निघाला.

तेव्हा बाजारात 'लेडीज सीट' म्हणून लुधियानाहून एक जाडजूड, मऊ, फुगीर प्रकार यायचा. बोटानं दाबला की बोट आत जायचं, आणि बाई खूश होऊन घेऊन जायची. पंधरा दिवसांनी परत. का, ते समजायला मला सीट उसवून बघावी लागली. आपण खुर्चीवर ताठ बसतो तेव्हा सगळा भार कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतो. हात बुडाखाली घालून बसलं की ही टोकं बोटाला लागतात. सीट फार मऊ असली की ही दोन टोकं खाली तळापर्यंत रुततात, आणि कणकेच्या गोळ्यात दोन बोटं दाबल्यावर मधली कणीक वर येते तसा मधला स्पंज वर येऊन नेमक्या नाजूक जागी दाबतो. दहा मिनिटांच्या वाटेला ती मऊ सीट छान वाटते. खानापूर रस्त्यानं पाऊण तास हाणायचं म्हटलं की तीच शिक्षा होते.

म्हणून मऊपणा हा आमच्याकडे शेवटचा प्रश्न असतो. पहिला प्रश्न त्या दोन टोकांमधलं अंतर किती. बायकांचं ते सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त असतं, पण प्रत्येकीचं वेगळं. आणि एक गोष्ट सांगून सांगून माझं तोंड दुखलं तरी पटत नाही: अंगानं भरलेल्या बाईचं अंतर जास्तच असेल असं काही नाही. "मी ही अशी जाडी, मला मोठ्यातली मोठी दे," म्हणत आलेल्या काकूंचं माप कमी भरतं आणि बरोबरच्या काटकुळ्या सुनेचं जास्त. दोघी एकमेकींकडे बघतात आणि हसत सुटतात.

माप घ्यायला यंत्र लागत नाही. टायर-ट्यूब ज्या खोक्यात येतात त्याचा पन्हाळीचा पुठ्ठा कापून घ्यायचा. तो कडक लाकडी स्टुलावर ठेवायचा, गादीच्या खुर्चीवर नव्हे. बाईनं त्यावर बसायचं, पाय जमिनीवरून थोडे उचलून गुडघे वर घ्यायचे, म्हणजे भार पूर्ण टेकतो. अर्धा मिनिट तसंच बसून उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले असतात. नीट दिसले नाहीत तर मी पांढऱ्या खडूचा तुकडा आडवा धरून हलकेच फिरवते. उंच भाग पांढरा होतो आणि खळगे तपकिरी राहतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी लावायची. बहुतेकींचं 10 ते 15 सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. हे सगळं दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड. पडदा लावल्यापासून बायकांची ये-जा वाढली, त्यामुळे त्या पडद्याचा खर्च मी जाहिरातीत धरते.

नुसतं माप पुरत नाही, ती सायकलवर कशी बसते तेही बघावं लागतं. वरचा आडवा दांडा नसलेल्या लेडीज सायकलवर हँडल उंच असतं, बाई ताठ बसते, जवळजवळ सगळा भार सीटवर. तिला मापापेक्षा चारेक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद सीट लागते आणि खाली स्प्रिंग असलेली बरी. गिअरच्या सायकलवर पुढे वाकून जाणारीचा भार हातापायांवरही वाटला जातो, कंबर पुढे कलते, तिला दोनेक सेंटिमीटर वाढीव पुरतं. तिला जर उगाच रुंद सीट दिली तर मांड्या आतून घासून सोलवटतात. 'रुंद म्हणजे आरामाची' एवढंच कळलेल्या माणसाला हे सांगताना आमचे हे थकतात, मग मला हाक मारतात.

सीट स्वतः बनवायची ठरवली तेव्हा सगळ्यात अवघड गेलं ते खालचा सांगाडा. उद्यमबागेत पत्रा दाबायच्या प्रेसचं काम करणारे कारखाने चिक्कार. ओतकामापासून हायड्रॉलिकपर्यंत काय हवं ते बेळगावात होतं. पण ते मोठ्या कंपन्यांचे हजारोंनी नग काढणारे लोक. आमच्या मूठभर नगांसाठी डाय, म्हणजे साचा, कोण बनवणार? एका ठिकाणी मालकांनी चहा पाजला, ड्रॉइंग कौतुकानं बघितलं आणि आकडा असा सांगितला की आम्ही दुसरा चहा घेतला नाही. कर्जाला गेलो तर शाखेतल्या साहेबांनी विचारलं, "सायकलच्या सीटला कर्ज? एवढं काय असतंय त्यात?" शेवटी माहेरच्या सोन्यावर काम भागवलं. सांगाडा आणि स्प्रिंगा आम्ही लुधियानाहून तयार आणतो, वरचं सगळं इथं करतो.

वरचं म्हणजे खाली चुऱ्याचा दाबलेला घट्ट फोम, त्यावर पातळ मऊ थर, आणि मधोमध लांबट खाच. ही खाच माझ्या डोक्यातून निघाली असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या जॉर्जेना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये बायकांसाठीच्या सायकलींची कंपनी काढली आणि 1992 मध्ये मधोमध भोक असलेली सीट बाजारात आणली. आमचे हे म्हणाले होते, सीटला भोक पाडून विकलीस तर लोक फाटकी म्हणून परत करतील. त्यात तथ्य होतं, म्हणून आम्ही भोकाऐवजी खाच ठेवली.

कव्हर शिवतो तो आमचा कारागीर मूळचा रिक्षा-मोटरसायकलच्या सीट शिवणारा. त्याचा हात असा की रेक्झिनला सुरकुती म्हणून पडत नाही. पण त्याची जुनी सवय शिवण वरच्या कडेला घ्यायची. आमच्याकडे जूनपासून जो पाऊस धरतो, तो त्या टाक्यांच्या भोकांतून आत जातो आणि स्पंज पाणी पिऊन बसतो. वरून कोरडी दिसणारी सीट, बाई बसली की साडी ओली. खानापूर-लोंढ्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून शिवण आता खाली वळवून घेतो. गुळगुळीत रेक्झिनवर पॉलिस्टरची साडी घसरते, बाई सारखी पुढे सरकते आणि हातांवर भार येतो, म्हणून खरखरीत दाण्याचं रेक्झिन. पुढचं नाक आखूड, म्हणजे उतरताना साडी किंवा कमीज अडकत नाही. नाक अजिबातच काढून टाका असंही काही जणी म्हणतात, पण वळताना मांडीनं सायकल सावरायला ते थोडं लागतंच.

चामड्याचा नाद मात्र ह्यांचा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, आणि अथणीची चप्पल तर घरोघरी ठाऊक. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते जाड चामडं ह्यांनी आणलं आणि इंग्लंडच्या ब्रुक्ससारखी ताणलेली सीट करून बघितली. ब्रुक्स ही कंपनी 1866 ची, चामड्याच्या सीटचं पेटंट तिनं 1882 मध्ये घेतलं. अशी सीट सुरुवातीला दगडासारखी कडक, पण वापरात बसणारीच्या हाडांचा आकार घेते आणि मग सोडवत नाही. एक निवृत्त बाई आमच्याकडची अशी सीट वापरतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पण भिजली की चामडं ताणतं, तेलपाणी करावं लागतं. सायकल अंगणात उभी राहणाऱ्या घराला मी ती देत नाही. ह्यांना राग येतो, येऊ दे.

2020 च्या लॉकडाऊननंतर टिळकवाडी, हिंदवाडीकडच्या बायका सायकल घेऊन पहाटे राजहंसगडाकडे जायला लागल्या. सरकारी सायकली त्याच काळात थांबल्या होत्या, त्यामुळे हे नवं गिऱ्हाईक अगदी वेळेवर आलं. त्यांच्या सायकली महागड्या, आणि तक्रार तीच. फरक एवढाच की आपल्या साध्या सायकलचा सीटचा दांडा 22.2 मिलिमीटरचा, यांचा 27.2 वगैरे, आणि सीट धरायची क्लिप निराळी. माप घ्यायचा पुठ्ठा मात्र सगळ्यांना तोच. आता 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आल्यानं घासाघीस जरा कमी झाली, एवढा फायदा.

विक्री कमी करणारी एक गोष्टही आम्ही करतो. सीट विकायच्या आधी जुनीच सीट पान्यानं नीट बसवून बघतो. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं तर गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट त्याहून उंच असली की कंबर डावी-उजवी डुलते आणि घासतं. फार खाली असली की सगळा भार बुडावर. नाक वर गेलेलं असेल तर नाजूक जागी टोचतं, फार खाली झुकलं तर मनगटं दुखतात. कित्येक जणी एवढ्यावरच खूश होऊन पाना फिरवल्याचे दहा-वीस रुपये देऊन जातात. मामा म्हणतात, असा धंदा केलास तर दुकान बुडवशील. पण त्याच बाया पुढे जावेला, मैत्रिणीला घेऊन येतात. बधिरपणा राहतो, लघवीला जळजळ होते, असं कुणी म्हणाली तर मात्र मी सीट विकत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवते.

चंदगड, निपाणीकडच्या बायका आता पुठ्ठा घरीच करून बसबरोबर पाठवतात, त्यावर नाव आणि 'ताठ' किंवा 'वाकून' एवढं लिहिलेलं असतं. सीट परतीच्या बसनं जाते. महिनाभर वापरून पटली नाही तर बदलून देतो. पावती हरवली तरी चालतं, सीट उलटी केली की सांगाड्यावर रंगानं माप आणि तारीख लिहिलेली असते.