कॅडीने कुठे उभं राहायचं

सोमवार

‘स्टिक’ बघायला घेतली ती ओवेन विल्सनसाठी. गोल्फसाठी नक्कीच नाही. मला हा खेळ कायम मोठ्या माणसांचं फिरायला जाणं वाटत आलाय, अधूनमधून चेंडू मारायचा एवढंच. मालिका २०२५च्या जूनमध्ये अ‍ॅपल टीव्ही प्लसवर आली, दहा भागांची, जेसन केलरने रचलेली. तेव्हा दोघातिघांनी ‘बघ, बघ’ म्हणून डोकं खाल्लं होतं, म्हणूनच बहुधा राहून गेली.

गोष्ट नेहमीच्या वळणाची. प्राइस केहिल (म्हणजे ओवेन विल्सन) हा एकेकाळचा नावाजलेला गोल्फर. वीस वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत मैदानावरच त्याचा तोल सुटला आणि कारकीर्द तिथेच आटोपली. आता इंडियानात खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानात नोकरी, आणि तीही जाते. लग्न मोडलंय, पण जुन्या घरातून पाय निघत नाही. जवळचा म्हणावा असा एकच माणूस, जुना कॅडी मिट्स. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, सल्ला देणारा जोडीदार. दोघं मिळून बारमध्ये लोकांना पैजेत गुंडाळतात आणि सुटलेले पैसे वाटून घेतात. अशात प्राइसला सँटी सापडतो. वय सतरा, हात देवाने दिलेला, आणि खेळ मात्र रागाने सोडून दिलेला.

सापडतो म्हणजे आधी ऐकू येतो. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर, प्राइसच्या कानावर एक फटका पडतो आणि त्याची मान गर्रकन वळते. तिथे आणखीही लोक चेंडू बडवत असतात, पण हा आवाज वेगळा. मी तो तुकडा मागे नेऊन परत ऐकला. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद भेटतात. तेवढ्यात चेंडू चेपला जातो, पुन्हा फुगतो आणि सुटतो. फटका पात्याच्या मध्यावर बसला तर आवाज भरीव येतो, कडेला बसला तर फाटका, आणि हाताला झिणझिण्या येतात त्या वेगळ्याच. चेंडू कुठे पडला हे न बघता फटका कसा बसला ते ओळखणारे कान असतात. सुरांचे असतात तसेच.

ओवेन विल्सन तिथे काहीच बोलत नाही. बाकी मालिकाभर त्याच्या तोंडाला खीळ नाही, म्हणून ती शांतता जास्त लक्षात राहते.

मंगळवार

आज सलग बघत बसले. झोपायला उशीर झाला, त्याची खंत नाही.

एक गंमत लक्षात आली. गोल्फ पडद्यावर दाखवताच येत नाही. पांढरा चेंडू, ४३ मिलिमीटरच्या आतबाहेर व्यासाचा, उजळ आभाळात जातो आणि दिसेनासा होतो. मग दिग्दर्शक करतात काय, तर बघणाऱ्यांच्या माना दाखवतात. सगळ्या वर गेलेल्या, डोळे बारीक, तोंडं किंचित उघडी. मिट्सची मान आधी खाली येते, कारण त्याने आयुष्यभर हेच पाहिलंय. चेंडू कुठे उतरणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळलेलं असतं. मार्क मॅरनने हा किरकिऱ्या, बायको गेलेला माणूस असा काही केलाय की तो नुसता बॅग उचलून चालला तरी बघत राहावं. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब, असा नियमच आहे. तो त्या चौदांना घरातल्या माणसांसारखा वागवतो.

मालिकेत खटकलेलंही बरंच आहे. गाणी फार. कुणाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत गिटार वाजायला लागते, म्हणजे आपण रडायचं की नाही हे आधीच ठरलेलं. भाषणंही फार. मिट्सच्या मोटारघरात बसलेली ही मंडळी दर दोन मुक्कामांनी एकमेकांना मन मोकळं करून दाखवतात. चार माणसं इतके दिवस एका चालत्या खोलीत राहिली तर ती मन मोकळं करतील की बाथरूमवरून भांडतील? भांडणं आहेत म्हणा, पण तीही गोडच.

पण एक गोष्ट या मालिकेने नेमकी पकडलीय आणि त्यासाठी मी बाकीचं सोडायला तयार आहे. शिकवणाऱ्याची भूक. अशा गोष्टींत गुरू नेहमी देणारा असतो आणि पोरगं घेणारं. इथे पहिल्यापासून दिसतं की सँटीला प्राइसची जेवढी गरज आहे, त्याच्या दसपट प्राइसला सँटीची आहे. सँटीने गोल्फ सोडला तरी त्याच्यापुढे आयुष्य पडलंय. प्राइसकडे दुसरं काहीच नाही. तो त्या मुलाशी प्रेमाने वागतो, थट्टा करतो, त्याला सांभाळून घेतो, आणि हे सगळं खरंच असतं. त्याच वेळी तो त्याच्यावर आपलं सगळं लावून बसलेला जुगारीही असतो. दोन्ही एकाच माणसात आहेत आणि विल्सनचं ते ओशाळं हसू दोन्हींना पुरून उरतं.

आणि मग मुलाचं कळतं. प्राइसचा मुलगा लहानपणीच गेलेला आहे. (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी इथून पुढचं वाचू नये, असं लिहायला हवं होतं खरं, पण ही माझी रोजनिशी आहे.) एका भागात तो मुलगा मोठा होत गेला असता तर काय काय झालं असतं, हे प्राइसच्या मनात उलगडत जातं. तो भाग संपल्यावर मी पुढचा लावला नाही. इथे गिटारसुद्धा माफ.

पण त्याहून अंगावर आली ती त्याची दुसरी बाजू. सँटीने खेळ का सोडला, तर बापामुळे. शिकवणारा बापच होता, आणि त्याचं प्रेम स्कोअरवर चढायचं उतरायचं. पुढे तो घरच सोडून गेला. म्हणजे एकाकडे बापाची रिकामी जागा, दुसऱ्याकडे मुलाची. या जागा एकमेकांत चपखल बसतील असं कुणालाही वाटेल. मालिकेला ते तसं वाटत नाही, हे तिचं शहाणपण. गेलेल्या मुलाच्या जागी उभं राहायचं म्हणजे त्या मुलाने दुसऱ्या कुणाचं तरी न जगलेलं आयुष्य पाठीवर घ्यायचं. सतरा वर्षांच्या पोराने ते का घ्यावं?

बुधवार

काही पाहिलं नाही. ऑफिसात उशीर. नवीन आलेल्या मुलीचा मजकूर बैठकीत वाचला गेला, सगळ्यांना आवडला, आणि माझीच पाठ ताठ झाली. ती माझ्या हाताखाली आहे म्हणून. मजकूर तिचा होता. माझा त्यात एक स्वल्पविराम.

गुरुवार

गोल्फचे नियम वाचत बसले. हे असं होतं माझं. मालिका बघायची आणि मग तिच्या कडेकडेने भटकायचं.

खेळ चालू असताना खेळाडूला सल्ला घेता येतो तो फक्त आपल्या कॅडीकडून. कोणता क्लब घेऊ, फटका कसा मारू, असं दुसऱ्या कुणाला विचारलं तर दोन फटक्यांचा दंड. म्हणजे कोच, आई, बाप, प्रायोजक, सगळे दोरीच्या पलीकडे. वर्षानुवर्षं घासून घेतलेला कोचसुद्धा त्या अठरा होलपुरता (होल म्हणजे चेंडू घालायचे खड्डे) प्रेक्षक. मग प्राइसची एवढी तगमग का होते ते कळलं. त्याला जे येतं ते सगळं सांगायचंय आणि सांगता येईल अशी जागा एकच आहे, बॅग उचलणाऱ्याची. तिथे उभं राहिलं तरी पोराने ऐकायला हवं. आणि सँटी ऐकतो ते वाटेत भेटलेल्या झिरो नावाच्या सोबतीचं. झिरोला गोल्फमधलं फारसं कळत नाही, कळून घ्यायची इच्छाही नाही. प्राइसला ते गिळावं लागतं. ज्ञान त्याच्याकडे, आणि कान दुसऱ्याच्या ताब्यात. या जागी मालिका सगळ्यात विनोदी आहे आणि सगळ्यात खरीही.

त्याहून भारी नियम २०१९मध्ये आला. खेळाडू फटक्यासाठी पाय रोवायला लागला की कॅडीने त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत, मुद्दाम उभं राहायचं नाही. पूर्वी काही कॅडी तिथूनच बघून सांगायचे, नेम बरोबर आहे, मार. आता तो नेम खेळाडूचा खेळाडूने धरायचा. नियम आला त्याच महिन्यात दुबईच्या स्पर्धेत चीनच्या ली हाओतोंगला शेवटच्या होलवर दोन फटक्यांचा दंड झाला. चेंडू होलपासून हाताच्या अंतरावर, पट (चेंडू होलकडे हलकेच ढकलायचा फटका) सरळ आत गेलेला, पण कॅडीला रेषेतून हलायला किंचित उशीर झाला होता. तिसऱ्या क्रमांकावरून ली बाराव्यावर घसरला. आरडाओरडा झाला, पुढच्याच महिन्यात नियमाचं स्पष्टीकरण आलं. मुळातली अट मात्र राहिली.

मला हा नियम फार आवडला. बॅग उचल, वारा सांग, अंतर सांग, क्लब हातात दे. आणि तो उभा राहिला की बाजूला हो. कधी बाजूला व्हायचं हे मनावर सोडलेलं नाही, लिहूनच ठेवलंय. बाकीच्या शिकवण्यांत असं लिहिलेलं नसतं, त्यामुळे माणसं वर्षानुवर्षं मागे उभी असतात.

शनिवार

टेक्ससमध्ये हार्वी पेनिक नावाचे गोल्फचे एक शिक्षक होऊन गेले. बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट हे दोघंही नावाजलेले गोल्फर पोरवयापासून त्यांच्याच हाताखाली वाढले. पेनिक त्या दोघांना एकमेकांची शिकवणी बघू देत नसत. कारण साधं, एकाला सांगितलेलं दुसऱ्याने उचललं तर त्याचा खेळ बिघडायचा. एकाच अंगणातली दोन पोरं, आणि दोघांना दोन वेगळी औषधं.

१९९५ साली पेनिक अंथरुणाला खिळलेले होते. क्रेनशॉ भेटायला आला, तर त्यांनी पलंगावरूनच त्याला पट मारून दाखवायला लावलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. २ एप्रिलला ते गेले. क्रेनशॉने त्यांना खांदा दिला आणि परत येऊन मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा खेळला. ९ एप्रिलला जिंकला. शेवटचा पट आत गेल्यावर तो गुडघ्यांत वाकून रडला आणि त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन येऊन त्याच्या पाठीशी उभा राहिला. तो फोटो मी आज बराच वेळ बघितला.

हे एखाद्या मालिकेत घातलं असतं तर मीच म्हटलं असतं, फार जुळवून आणलंय.

पेनिक आणि प्राइस यांच्यात फरक काय, यावर आज डोकं चालवलं. पेनिककडे शिकायला येणारी माणसं रोजची होती, नवशिक्यांपासून विजेत्यांपर्यंत. एक नाही शिकला तर त्यांचं जग बुडणार नव्हतं. प्राइसकडे एकच शिष्य. ज्याच्याकडे एकच शिष्य असतो त्याने जपून राहावं. आमच्याकडची ती मुलगी कालच म्हणाली, ‘मला दुसऱ्या विभागात थोडं काम करून बघायचंय.’ मी लगेच ‘हो, जा की’ म्हटलं. म्हणायला लागलेला वेळ तिला जाणवला नसावा.

रविवार

शेवटचा भाग झाला. तो कसा झाला ते लिहीत नाही. मला पटला अर्धा, आणि तो अर्धा कुठला हे अजून ठरत नाहीये.

या सगळ्यात मला पुन्हा भेटायला आवडेल ते एलेनाला, सँटीच्या आईला. मारियाना त्रेविन्योने ती केलीय. बाकी सगळे स्वप्नाच्या गप्पा मारतात, ती पैशाचं विचारते. प्राइस पोराला घेऊन देशभर फिरवणार, हौशी खेळाडूंच्या स्पर्धा खेळवणार, हे ऐकून ती हुरळत नाही. एक लाख डॉलरचा सौदा करते, आणि मोटारघरात स्वतःही बसते. सुरुवातीला मला ती जरा कोरडी वाटली. नंतर हिशेब कळला. हौशी म्हटल्यावर बक्षिसाचा पैसा जवळपास नाहीच. प्राइसची नजर आहे ती अमेरिकेच्या हौशी अजिंक्यपदावर, १८९५पासूनच्या स्पर्धेवर. तिथे मुख्य फेरीत ३१२ जण उतरतात, दोन फेऱ्यांनंतर ६४ उरतात आणि मग रोज समोरासमोर, हरला तो घरी. असल्या गणितावर पोराचा उन्हाळा लावायचा तर कुणीतरी आधी काहीतरी पणाला लावायला हवं, आणि ते प्राइसने लावावं, हे तिचं म्हणणं.

शिवाय तिने एकदा फुकटच्या गुरूच्या हाती पोराला दिलेलं आहे. तो घरचाच होता, त्याने फी घेतली नव्हती, आणि काय वसूल करून गेला ते तिला रोज दिसतंय. म्हणून या वेळी तिने आकडा लावला. ज्याला पैसे मोजावे लागतात तो निदान ‘मी तुझ्यासाठी किती केलं’ म्हणत बसत नाही. प्राइस म्हणतोच कधीकधी, पण तेव्हा एलेनाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसऱ्या सीझनची घोषणा झालेली आहे. पोरगं जिंको, हरो. एलेनाला जास्त प्रसंग द्या आणि गिटारवाल्याला थोडी रजा.