रिव्हॉल्व्हरच्या माशीला नारिंगी रंग: माझा अनुभव

कानपूरच्या कारखान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे बरीच वर्षं आहे. हिंगणघाटच्या बाजूला आमचा कापसाचा व्यापार. हंगामात शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांसाठी रोख आणावी लागायची, तेव्हा परवाना काढला होता. आता बहुतेक चुकारे थेट खात्यात जातात, पण हत्यार आहे म्हटल्यावर परवान्याचं नूतनीकरण आलं आणि अधूनमधून नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हात बसता ठेवणंही आलं. सहा गोळ्यांची चक्री, तीन इंची नळी, आणि सगळं अंग काळं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा उंचवटा, काळी, आणि ती ज्यातून बघायची ती मागची खाचही काळी. तिशीत हे कधी खटकलं नाही. पन्नाशी ओलांडली आणि निशाण्याच्या काळ्या गोलावर काळी माशी धरली की ती कुठे संपते अन् गोल कुठे सुरू होतो, हेच कळेना.

रंगाचा विचार डोक्यात होताच, पण आधी सेवाग्रामला डोळे तपासून घेतले, आणि ते बरं झालं. वाचायचा चष्मा साधारण हातभर अंतरासाठी असतो, दूरचा पार रस्त्यापलीकडच्या पाटीसाठी. हात ताणून रिव्हॉल्व्हर धरलं की माशी डोळ्यापासून पाऊण मीटरच्या आतबाहेर येते, म्हणजे दोन्ही चष्म्यांच्या मधोमध. डॉक्टरांना हे अंतर टेपने मोजून सांगितलं, तेव्हा त्यांनी उजव्या डोळ्यासाठी मधला नंबर काढून दिला. ज्यांना माशी धूसर दिसते त्यांनी रंगाची बाटली घेण्याआधी हे करावं. धूसर माशीला रंग लावला तर धूसर रंगीत माशी मिळते, बाकी काही नाही.

नव्या चष्म्याने कडा स्पष्ट झाली, पण काळ्यावर काळं ते काळंच. मग रंग कोणता, हा प्रश्न. घरी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला ऑइल पेंट होता. तो टिकाऊ असतो, पण जाड बसतो, वाळायला वेळ खातो आणि नको झाला तर काढताना जीव जातो. नेलपेंट पातळ लागते, झटपट वाळते आणि रिमूव्हरने पुसली की धातू होता तसा. मला ही पुसता येण्याची सोयच महत्त्वाची वाटली. हत्यारात कायमचा बदल करायची माझी इच्छा नव्हती. माशी घासणं, खाच रुंद करणं ही परवाना असलेल्या कारागिराची कामं, त्यांत आपण हात घालू नये.

रंग ठरवायला मी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलंच नाही. अंगणात हत्यार रोखून उभं राहिलं तर गावात काय बोभाटा होईल, सांगायला नको. बांबूची एक कामटी काळी रंगवली, तिच्यावर लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे ठिपके दिले आणि हात ताणून धरून दिवसभर बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, काय करून राह्यले तुम्ही, बांबूले नेलपेंट लावून?" सांगितलं तर हसली, पण स्वतःची पांढरी बाटली तिनेच दिली.

त्या कामटीने पुष्कळ काही दाखवलं. भर उन्हात हिरवा सगळ्यांत आधी डोळ्यात भरतो. माणसाच्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेडच सगळ्यांत तेज जाणवतो. पण मागे वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, आली की तोच हिरवा हरवून जातो. पांढरा चुन्याच्या भिंतीसमोर गायब. लाल दिवसा झकास दिसतो, पण दिवेलागणीला सगळ्यांत आधी तोच काळा पडतो. उजेड कमी झाला की डोळ्याची लाल ओळखायची ताकद आधी जाते, त्यातला हा प्रकार. नारिंगी, तोही चमकणारा, फ्लुरोसंट म्हणतात तो, बहुतेक सगळीकडे उठून दिसला. एक मात्र ध्यानात ठेवावं: हा रंग अंधारात चमकत नाही. दिवसाच्या उजेडातले न दिसणारे आणि निळसर किरण शोषून तो आपला रंग वाढवतो, तो उजेड नसला की साधा नारिंगी. रात्री दिसेल म्हणून कोणी तो विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता प्रत्यक्ष काम. गोळ्या दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, कुलूप लावून. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं डोळ्यांनी पाहिली, बोटाने चाचपली, आणि काम संपेपर्यंत ते तसंच उघडं ठेवलं. भादव्यातली हवा दमट होती. दमट हवेत नेलपेंट वाळताना वर पांढुरकी साय धरते, म्हणून पावसाने उघडीप दिल्यावर, ऊन तापल्यावर बसलो. तेल हा रंगाचा पहिला शत्रू, आणि हत्यारावर तेल असतंच. सुती कापडाचा कोपरा ॲसिटोनमध्ये भिजवून माशी पुसली, कापडावर काळं उमटायचं थांबेपर्यंत. पॉलिश पेपर लावला नाही. त्याने निळसर-काळा मुलामा जातो आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तिथे गंज धरायला वेळ लागत नाही. लिंबू-व्हिनेगरने साफ करायचा सल्लाही मिळाला होता. आंबटाने तो मुलामाच उतरतो.

रंगवायची जागा तांदळाच्या दाण्याएवढी. बाटलीतला ब्रश तिथे कामाचा नाही, दात कोरायची काडी घेतली. आधी पांढरा हात. हा टाळून चालत नाही, कारण चमकणारा नारिंगी अर्धपारदर्शक असतो. थेट काळ्यावर लावला तर विटकरी डाग दिसतो. पांढरा रात्रभर वाळू दिला, मग नारिंगीचे पातळ थर, प्रत्येक थर पुरता वाळल्यावर पुढचा. माशीच्या फक्त आपल्याकडच्या तोंडाला. वरची कडा आणि दोन्ही बाजू काळ्याच ठेवल्या, कुठे ओघळ गेला तर काडीला रिमूव्हर लावून लगेच टिपला. कडेवर रंगाचा फुगवटा आला की माशीची उंची बदलते आणि कोपरे गोल होतात. नेम कडेवर धरायचा असतो, त्यामुळे ती धारदारच हवी.

आणखी एक गोष्ट मला रेंजवरच्या उस्तादांनी आधीच सांगून ठेवली होती. रंग कडेपर्यंत भिडवायचा, खाली ठिपका सोडायचा नाही. हिशोब सोपा आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरवर खाच आणि माशी यांच्यात साधारण बारा सेंटीमीटर अंतर. ठिपका कडेपासून एक मिलिमीटर खाली राहिला आणि घाईत डोळ्याने त्यालाच माशीचं टोक मानलं, तर नळी तेवढी वर उचलली जाते आणि दहा मीटरवर गोळी आठ सेंटीमीटरच्या वर चुकते. लहान नळीच्या हत्यारात मिलिमीटर असा महाग पडतो.

मागच्या खाचेला काही लावलं नाही. काहीजण तिच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके देतात. मला ते आवडत नाही. तीन रंगीत गोष्टी दिसल्या की डोळा कुठे थांबायचं ते विसरतो. काळ्या खाचेतून एकच नारिंगी तुकडा दिसला की नजर आपोआप पुढे जाते.

रेंजवर गेलो तेव्हा गोळ्या काही एकदम मध्यात बसल्या नाहीत. चाप ओढताना मनगट हलायचं ते हललंच. फरक पडला तो माशी सापडायच्या वेळात: हात वर येतो अन् ती समोर असते.

2024 मध्ये लोकसभेच्या वेळी आणि पुन्हा विधानसभेच्या वेळी हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं. ठाण्यातल्या हवालदारांनी नंबर पडताळताना माशीकडे बघून विचारलं, "हे काय लावलं जी?" सांगितलं, नेलपेंट. त्यांनी नोंद केली, पावती दिली. रंग माशीपुरताच होता, नंबर आणि कारखान्याचे शिक्के स्वच्छ होते, त्यामुळे पुढे काही विचारणा झाली नाही. परत मिळालं तेव्हा एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता आणि नारिंगी थोडा फिका पडला होता. हे रंग उन्हाने विटतातच. सगळा पुसून नवा हात दिला. हे काम नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, काढलं तर काडी बाटलीतून माशीपर्यंत नेईस्तोवर रंग वाळून जातो, म्हणून पहाटे उरकलं.

परवा अडत्यांपैकी एक जण आपलं पिस्तूल दाखवायला घेऊन येतो म्हणाला. "मलेबी लावून दे ना भाऊ, मागे-पुढे दोन्हीकडे." त्याला म्हटलं, तुझं हत्यार तुझ्या घरीच राहू दे. बाटली घेऊन जा, फक्त पुढच्याला लाव, आणि आधी पांढरा.